बटर की मार्गारिन? ट्रान्स फॅट टाळणाऱ्यांसाठी

ट्रान्स फॅटच्या भीतीने कुणी मार्गारिन (वनस्पती तेलांपासून बनवलेला, बटरसारखा पदार्थ) सोडून बटरकडे वळतं, तर कुणी कोलेस्टेरॉलच्या भीतीने बटर सोडून मार्गारिनकडे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. ब्रेडला लावायला आणि केक-बिस्किटांसाठी मी दोन्ही बराच काळ वापरलं आहे, त्यावरून जे वाटलं ते लिहितो.

आधी मार्गारिनची बाजू, कारण त्याच्यावर जुन्या पापाचं ओझं अजून आहे. तेल घट्ट करण्यासाठी त्यात हायड्रोजन अर्धवटच मिसळला की ट्रान्स फॅट तयार होतात. १९९० मध्ये नेदरलँड्समधल्या मेन्सिंक आणि काटान यांनी दाखवलं की हे फॅट एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाढवतात आणि वर एचडीएल म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉलही कमी करतात. तोवर मार्गारिन हृदयाला बरं म्हणूनच घेतलं जायचं. पुढे डेन्मार्कने २००३ मध्ये एकूण फॅटच्या २ टक्क्यांची मर्यादा घातली, अमेरिकेने २०१५ मध्ये अंशतः हायड्रोजनेटेड, म्हणजे अशी अर्धवट हायड्रोजन मिसळलेली, तेलं असुरक्षित ठरवली, आणि बऱ्याच कंपन्यांनी कृती बदलली. आज डब्यात मिळणारं मऊ मार्गारिन बहुतेक वेळा या तेलांशिवाय बनतं. त्यात संपृक्त (सॅच्युरेटेड) फॅटही, जे एलडीएल वाढवतं, बटरपेक्षा बरंच कमी असतं. फ्रिजमधून काढल्या काढल्या ब्रेडवर पसरतं, हे सुख वेगळंच.

बटरमध्ये १०० ग्रॅमला साधारण ५० ग्रॅम संपृक्त फॅट, आणि थोडे ट्रान्स फॅटही. हे दुसरं बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. गाईम्हशींच्या पोटातले जिवाणू ते तयार करतात आणि दुधातून ते बटरमध्ये उतरतात. नेहमीच्या खाण्यात त्यांचं प्रमाण कमी असल्याने मला त्यांची फारशी धास्ती वाटत नाही, पण बटर म्हणजे शून्य ट्रान्स फॅट असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही.

माझा निर्णय मात्र लेबलने केला. काही देशांत एका वाढणीत अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी ट्रान्स फॅट असतील तर पाकिटावर सरळ ‘०’ छापता येतं. वाढणी किती, तर एक चमचा. समजा त्या चमच्यात ०.४ ग्रॅम आहेत आणि नाश्ता, केक, बिस्किटं धरून दिवसात पाच चमचे पोटात गेले, तर २ ग्रॅम झाले. जागतिक आरोग्य संघटना दिवसाच्या ऊर्जेच्या १ टक्क्याहून कमी सांगते, म्हणजे २,००० कॅलरींच्या आहारात जेमतेम २.२ ग्रॅम. शून्य शून्य करत माणूस मर्यादेला टेकतो! म्हणून समोरचा आकडा सोडून मागची घटकांची यादी वाचावी लागते. ‘अंशतः हायड्रोजनेटेड’ दिसलं की डबा परत ठेवायचा. ‘पूर्ण हायड्रोजनेटेड’ असेल तर ट्रान्स फॅट जवळपास नसतात, पण संपृक्त फॅट वाढलेले असतात. नुसतं ‘हायड्रोजनेटेड’ लिहिलं असेल तर काय समजायचं? ब्रँड बदलला की हे वाचन पुन्हा पहिल्यापासून. मला याचा फार कंटाळा आला. बटरच्या पाकिटावर साय आणि फार तर मीठ, एवढंच.

चवीचाही एक परिणाम जाणवला, मोजमाप नाही केलेलं. बटर थोडंसं लावलं तरी पुरतं. मार्गारिनला चव बेताची, म्हणून हात सैल सुटायचा आणि डबा लवकर संपायचा. केकला बटरने येते तशी चव मार्गारिनने मला तरी कधी साधली नाही.

तरीही एलडीएल आधीच वाढलेलं असेल आणि ब्रेडला रोजच काही लावायचं असेल, तर अंशतः हायड्रोजनेटेड तेल नसलेलं मऊ मार्गारिन बहुधा जास्त योग्य ठरेल. डॉक्टरांशी बोलून ठरवा. वडीच्या रूपातलं कडक मार्गारिन घेण्यासारखं कारण मला सापडलेलं नाही: घट्टपणासाठी त्यात संपृक्त फॅट लागतातच, मग बटर काय वाईट? माझ्या घरी आता रोजच्या स्वयंपाकाला पातळ तेल असतं, आणि बेकिंगपुरतं, कधीमधी ब्रेडला, बटर.