देवचाफ्याचा तांबेरा: घरचं बोर्डो की दुकानातली पावडर?

कोकणात पावसाळा मुरला की देवचाफ्याच्या पानांवर बारीक पिवळे ठिपके दिसायला लागतात. पान उलटलं की खाली केशरी पुळ्या, आणि बोट फिरवलं तर हळदीसारखी भुकटी बोटाला लागते. या तांबेऱ्यानं झाड सहसा मरत नाही, पण भर श्रावणात पानं गळून नुसत्या काठ्या उरतात. दारातलं झाड तसं बघवत नाही.

मोरचूद आणि चुन्याचं घरी केलेलं बोर्डो मिश्रण आणि दुकानात पावडर म्हणून मिळणारं कॉपर ऑक्सिक्लोराइड, दोन्ही तांब्याचीच औषधं आणि दोन्ही मी वापरली आहेत. दोन्हींचं काम रोग रुजू न देण्याचं. पानं पुळ्यांनी भरल्यावर हेक्झाकोनॅझोलसारखं आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारं औषधच लागतं, तो विषय वेगळा.

सोय बघाल तर पावडरच बरी. लिटरला अडीच ग्रॅम, ढवळा आणि फवारा. उरलेली पुडी कोरडी ठेवली की पुढे कामाला येते. कुंडीत एखादाच चाफा असेल, तर बोर्डोच्या खटाटोपात पडूच नका.

पावडरीच्या बाबतीत माझं अडलं ते पावसाशी. फवारा वाळतोय तोवर दोन जोराच्या सरी यायच्या आणि पानावर काही उरलेलं दिसायचं नाही. स्टिकर, म्हणजे औषध पानाला चिकटवणारं द्रव्य, मिसळल्यावर फरक पडला, नाही असं नाही. तरी पुन्हा उघडीप शोधा, पंप भरा, शिडी लावा आणि प्रत्येक फांदीखाली मान वर करून पानांच्या पाठी भिजवा. आमच्याकडे आषाढात उघडीप मिळते कुठे? याच एका गोष्टीला मी वैतागलो.

बोर्डो एकदा नीट वाळलं की चिवट बसतं. सरी येऊन गेल्या तरी निळसर पांढरा थर दिसतो, त्यामुळे पुन्हा फवारायचं की नाही हे नजरेलाच कळतं. सुपारीचे बागायतदार कोळेरोगावर, म्हणजे पावसाळ्यात सुपारी कुजून गळण्याच्या रोगावर, अजून बोर्डोच मारतात, तेही बहुधा यासाठीच. मी काही मोजमाप केलेलं नाही, पण माझ्या झाडांवर पानं बोर्डोनंतर जास्त दिवस टिकली.

खटाटोप आहेच. १०० ग्रॅम मोरचूद ५ लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालायचं, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या ५ लिटरमध्ये विरवायचा आणि दोन्ही एकदम तिसऱ्या बादलीत ओतायचं. बादल्या प्लॅस्टिकच्याच हव्यात. मग विळ्याचं पातं मिनिटभर बुडवून बघायचं. त्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडलाय, चुन्याची निवळी आणखी घाला; तसंच फवारलंत तर पानं करपतात. चुन्याचे खडे नोझलमध्ये अडकतात, म्हणून धोतराच्या जुन्या कापडातून गाळून घ्यावं. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवावं लागतं. भिंतीवर, फरशीवर डाग पडतात, ही तक्रारही खरी.

शहरात, गच्चीवर, पाऊस बेताचा असेल तिथे पावडर पुरेशी होईल असं वाटतं. अंगणात दोन-तीन मोठे चाफे आणि कोकणासारखा पाऊस असेल, तर मी बोर्डोच घेईन. पहिली फवारणी नवी पानं उघडल्यावर, पाऊस धरण्याआधी करावी. गळलेली रोगट पानं गोळा करून पुरावीत, नाहीतर कुठलंच औषध पुरं पडत नाही. आणि उरलेलं मिश्रण विहिरीजवळ किंवा वहाळात ओतू नका, तांबं माशांना बाधतं.