मांजराची शुगर घरी बघायची तर कान टोचायचा की सेन्सर लावायचा?

मांजराला डायबेटिस निघालाय, इन्सुलिन सुरू झालंय, बारा-बारा तासांनी दोनदा द्यायचंय, कोरडे दाणे कमी करून ओलं खाणं वाढवायचंय, हे सगळं डॉक्टरांनी सांगितलेलं असणारच त्यामुळे त्यात शिरत नाही. इंजेक्शनची भीतीही लवकर जाते, सुई इतकी बारीक असते की आमचा भोप्या (वय अकरा, नारिंगी, वजनाचं विचारू नका) वाटीतून तोंडसुद्धा वर काढत नाही. डोक्याला ताप होतो तो त्याच्या पुढचा, म्हणजे शुगर घरी मोजायची कशी. कारण न मोजता डोस वाढवत जाणं म्हणजे डोळे मिटून हायवे ओलांडणं, आणि मांजराच्या बाबतीत शुगर जास्त असण्यापेक्षा एकदम खाली जाणं जास्त धोक्याचं.

क्लिनिकमध्ये दिवसभर ठेवून दर दोन तासांनी रक्त घ्यायचं, हा पर्याय मी तुलनेत धरतच नाहीये. मांजर घाबरलं की नुसत्या टेन्शननेच त्याची शुगर ३०० च्या वर जाऊ शकते, डायबेटिस नसलेल्या मांजराचीसुद्धा. रिक्षा, बास्केट, शेजारच्या पिंजऱ्यात भुंकणारा लॅब्रेडॉर, एवढं झाल्यावर जो आकडा येईल तो आजाराचा किती आणि लॅब्रेडॉरचा किती हे कोण सांगणार. फ्रुक्टोसामाइनची टेस्ट अशी भीतीने बिघडत नाही, ती मागच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देते, जरूर करा, पण आज संध्याकाळचं इंजेक्शन द्यावं का हे ती नाही सांगू शकत. लघवीच्या पट्टीचंही तेच. रक्तातली शुगर साधारण अडीचशेच्या पुढे गेल्यावरच ती लघवीत उतरायला लागते, म्हणजे पट्टी कोरी आली तर शुगर १५० आहे की ४० ते कळायला मार्ग नाही. (कीटोनसाठी, म्हणजे शुगर वापरता येईना की शरीर चरबी जाळून जे बनवतं त्यासाठी, मात्र लघवीची पट्टी घरात ठेवाच. मांजर खात नाहीये, उलट्या करतंय आणि कीटोन दिसतायत, तर तसंच उचलून डॉक्टरांकडे.)

तर उरतात दोन गोष्टी. एक म्हणजे माणसं दंडावर लावतात तो गोल सेन्सर, जो मांजराला मानेमागे किंवा पाठीवर केस काढून चिकटवतात. आणि दुसरं म्हणजे आपलं साधं ग्लुकोमीटर, कानाच्या कडेला टोचून एक थेंब. दोन्ही वापरून झालंय आमचं.

सेन्सरचं कौतुक आधी करतो, कारण ते खोटं नाहीये. डॉक्टरांनी केस काढून, थोडा ग्लू लावून बसवला, भोप्याला पत्ताही लागला नाही. तासाभराने सुरू झाला, मग फोन पाठीजवळ नेला की आकडा. आणि नुसता आकडा नाही, अख्खी रेषा दिसते. सकाळी सातला इन्सुलिन दिलं की शुगर किती वाजता उतरायला लागते, सगळ्यात खाली कधी जाते, परत कधी चढते, ते सगळं. आम्हाला वाटायचं की सगळ्यात खाली दुपारी बाराला जात असेल, प्रत्यक्षात ती त्यानंतरच जात होती, हे रेषेशिवाय कळलंच नसतं. ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन असेल तर हा तळ साधारण चार ते आठ तासांत येतो असं धरतात पण प्रत्येक मांजराचं गणित वेगळं असतं. पहिल्या पंधरवड्यात, डोस बसवायचा असताना, ही रेषा बघून डॉक्टरही खूश होतात.

आता बाजू पलटते ती इथून. सेन्सर चौदा दिवसांचा असतो तो माणसाच्या दंडावर. मांजर सोफ्याखाली घुसतं, दाराच्या चौकटीला अंग घासतं, आणि पावसाळ्यात आमच्या ठाण्यात भिंतीचे हुक टिकत नाहीत तिथे केसाळ पाठीवरचा चिकट गोल कुठून टिकणार. पण पडतो याचा मला तेवढा राग नाही. आठ तासांच्या आत स्कॅन केलं नाही तर मधला डेटा जातो (आमच्या मॉडेलचं असं होतं, नवीन मॉडेल स्वतःच फोनला पाठवतात म्हणे), त्याचाही नाही. पाच हजारांच्या आसपासची किंमत, तीही एकदा ठीक आहे.

मला नकोसं झालं ते रात्रीचं प्रकरण. भोप्या ज्या कुशीवर सेन्सर त्याच कुशीवर झोपायचा. सेन्सर दाबला गेला की आजूबाजूच्या भागातला प्रवाह कमी होतो आणि आकडा धाडकन खाली दिसतो. माणसांमध्येही त्या दंडावर झोपलं की असंच होतं. म्हणजे रात्री अडीचला पाणी प्यायला उठलो, सहज फोन नेला तर ४६. आता ४६ म्हटल्यावर झोप कसली, आई देवघरातला मध घेऊन उभी (शुगर खरंच उतरली असेल तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळायचं असतं), आणि बोका मात्र ढिम्म, घुर्रघुर्र करत आमच्याकडे बघतोय. मग खात्री कशी करायची? कान टोचून! कानातून १४० च्या आसपास. दोन दिवसांनी परत तेच. उलट खरोखर शुगर खाली असतानाही सेन्सर कमी-जास्त सांगू शकतो, कारण तो रक्त नाही तर कातडीखालच्या पाण्यातली शुगर मोजतो आणि रक्ताच्या थोडा मागे असतो. त्यामुळे डॉक्टरही म्हणाले की कमी आकडा दिसला की मीटरवर बघा.

म्हणजे गंमत बघा, ज्या क्षणी आकडा खरा असायला हवा नेमका त्याच क्षणी सेन्सरवाल्यालाही कान टोचता यावाच लागतो. आणि तो अडीच वाजता, झोपेत, पहिल्यांदा टोचायचा म्हणजे विचारायलाच नको. मग मी म्हटलं की एवीतेवी शिकायचंच आहे तर दिवसाउजेडी शिकू.

कान टोचणं ऐकायला क्रूर वाटतं, पण मला वाटतं मांजरापेक्षा माणसालाच जास्त लागतं ते. कानाच्या बाहेरच्या कडेने एक बारीक शीर जाते, टोचायचं शिरेत नाही तर शीर आणि कड यांच्या मधल्या पट्टीत. आधी कान गरम करायचा, मोज्यात तांदूळ भरून थोडा गरम केला आणि धरला की झालं, थंड कानातून रक्त येतच नाही आणि नवीन लोक तिथेच हरतात. मागे कापसाची घडी धरायची म्हणजे आपलं बोट वाचतं. कडेला व्हॅसलिनचा अगदी हलका हात फिरवायचा, त्याने थेंब केसात पसरत नाही, गोल उभा राहतो. सुरुवातीला फार बारीक लॅन्सेट (टोचायची सुई) घेऊ नका, बारीक म्हणजे कमी दुखेल असं वाटतं पण थेंबच आला नाही तर चारदा टोचावं लागतं. मग कापूस दाबून धरायचा, नाहीतर कानावर निळं पडतं. आणि लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा, रक्त आलं असो वा नसो. भोप्या आता मीटरचा डबा उघडल्याचा आवाज आला की स्वतः ओट्याखाली येऊन बसतो. काही दिवसांनी कानातून रक्त सहज यायला लागतं असं म्हणतात, आमचा अनुभवही तसाच.

मीटर कुठलं, तर ज्याला रक्त कमी लागतं ते. कॉन्टूर प्लसला ०.६ मायक्रोलीटर पुरतं आणि थेंब कमी पडला तर त्याच पट्टीला परत लावायला वेळ देतं, मांजरवाल्यांना याची किंमत कळेल. माणसांची मीटरं मांजराची शुगर लॅबपेक्षा थोडी कमी दाखवतात, कारण मांजराच्या रक्तात बहुतेक ग्लुकोज प्लाझ्मात असतं आणि माणसाच्या बरंच लाल पेशींमध्येही. प्राण्यांसाठी खास अल्फाट्रॅक नावाचं मीटर आहे, ते लॅबच्या जवळ जातं, पण त्याच्या पट्ट्या महाग आणि आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने तर नावही ऐकलं नव्हतं. माणसांचं मीटर घेतलंत तर एवढं करा की कायम तेच वापरा आणि डॉक्टरांना सांगा की आकडे माणसांच्या मीटरचे आहेत. दोन मीटरचे आकडे एकाच वहीत लिहिले की सगळा गोंधळ.

खर्चाचं म्हणाल तर पट्टी साधारण पंधरा-वीस रुपयांना पडते. दोन्ही इंजेक्शनांच्या आधी एकेक, झोपण्याआधी एक, आणि सुट्टीच्या दिवशी दर दोन-तीन तासांनी बघून घरचाच कर्व्ह, म्हणजे दिवसभराची ती रेषा. इंजेक्शनआधीचं रीडिंग चुकवायचं नाही, आणि ते कमी आलं किंवा पठ्ठ्या जेवलाच नाही तर इन्सुलिन न देता डॉक्टरांना फोन. किती म्हणजे कमी हा आकडा त्यांच्याकडून आधीच लिहून घ्या.

आणि हो, कारण नसताना शुगर एकदम उतरली तर सिरिंजचं टोपण बघा. आपल्याकडे ४० युनिटवाल्या आणि १०० युनिटवाल्या (म्हणजे एका मिलीलीटरला तेवढे युनिट) दोन्ही सिरिंज मिळतात, लाल टोपणाची ४० ची आणि नारिंगी १०० ची. ग्लार्जिन सहसा १०० चं असतं, ते लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये एका रेघेपर्यंत भरलं तर एकाच्या जागी अडीच युनिट जातात. मेडिकलवाला घाईत कुठलीही देतो, त्याला काय माहीत पेशंट चार किलोचा आहे.

आता ज्यांचं मांजर हात लावला की फाडून काढतं, किंवा घरात धरायला दुसरं माणूस नाही, त्यांनी सेन्सरच बघावा, त्यात काही कमीपणा नाही. डोस बसवताना पहिला एक सेन्सर लावून रेषा बघून घेणं हेही मला पटतं, परत वेळ आली तर मीही तेवढा एक लावेन. पण रोजच्यासाठी, माझ्यापुरतं तरी, कानच. त्यात अजून एक आहे, लवकर उपचार सुरू झाले, खाण्यातले कार्ब कमी केले की बऱ्याच मांजरांचं इन्सुलिन सुटतं सुद्धा, पण सुटलं तरी आजार परत येऊ शकतो म्हणून अधूनमधून शुगर बघत राहावं लागतं. त्या एका आकड्यासाठी दर वेळी पाठ भादरून सेन्सर कोण बसवणार. मीटर ड्रॉवरमध्ये पडून असतं, काढलं की झालं. पट्ट्यांची एक्स्पायरी तेवढी बघत जा, काही कंपन्यांच्या पट्ट्या डबी उघडल्यापासून ठराविक महिन्यांतच संपवायच्या असतात, तेव्हा मोजणं कमी झालं की पन्नासची डबी घेऊ नका, पंचवीसची घ्या.