चाकगाडी उत्तम, पण जांघेतल्या गादीचे काय? एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

मागचे पाय लुळे पडलेल्या कुत्र्यांसाठी मिळणारी दोन चाकांची ॲल्युमिनियमची गाडी आम्ही गेल्या हिवाळ्यात बंडूसाठी घेतली. बंडू ९ वर्षांचा डॅशहुंड. मणक्यातील चकती सरकून त्याचे मागचे अंग गेले. आखूड पायांच्या या जातीत चकत्या लवकर कडक होत असल्याने हा विकार वारंवार आढळतो. मापे आणि वजनाची मर्यादा विक्रेत्याने दिलेलीच आहे, म्हणून त्यात शिरत नाही. लिहिण्याचे कारण असे की, जुलैत बंडूच्या डाव्या जांघेत रुपयाएवढी जखम झाली आणि ती गाडीच्या गादीमुळे झाली.

मागचा सारा भार ज्या दोन कड्यांवर पेलला जातो, त्यांच्याभोवतीची गादी म्हणजे निओप्रीनचे (मऊ, फेसाळ रबराचे) अस्तर पक्के शिवून टाकलेले असल्यामुळे ते काढून धुता येत नाही. लघवीवर ताबा नसलेल्या कुत्र्याची लघवी थेंबथेंब गळून त्यात मुरते आणि पुण्याच्या पावसाळी हवेत धुतलेले अस्तर दुसऱ्या दिवशीही आतून ओलेच लागते. त्या भागाला संवेदना नसल्याने बंडू कण्हत नाही की थांबत नाही. केस बाजूला करून पाहिले तरच लालसरपणा दिसतो. ही गाडी ज्यांच्यासाठी बनते, त्यातल्या अनेक कुत्र्यांची हीच अवस्था असते, तरी गादी सुटी ठेवण्याचे कोणाला सुचू नये, याचा मला मनस्वी राग आहे.

तक्रारीवर ‘हाताने धुऊन सावलीत वाळवा’ एवढेच उत्तर आले. सुटे अस्तर मिळणार नाही, २,८०० रुपयांचा पूर्ण पट्टासंच घ्यावा लागेल, असेही सांगण्यात आले. साडेनऊ हजारांच्या गाडीतल्या वीतभर कापडासाठी एवढे पैसे देणे मला मान्य नव्हते. शेवटी बॅगा शिवणाऱ्या कारागिराकडून आत मेणकापड, वर मऊ फ्लॅनेल आणि कडेला वेल्क्रो अशा गवसण्यांचे तीन जोड २४० रुपयांत शिवून घेतले. जखम भरेपर्यंत डॉक्टरांनी गाडी पूर्ण बंद ठेवायला लावली होती. आता बाहेर नेण्यापूर्वी त्यांनी शिकवल्याप्रमाणे पोट हलके दाबून मूत्राशय रिकामे करतो आणि परत आल्यावर दोन्ही जांघा पुसून कोरड्या करतो.

एरवी गाडीबद्दल माझे मत महिन्यागणिक सुधारत गेले आहे. पाय अडकवायच्या रिकिबी हा मला आधी तिचा सर्वांत उपयोगी भाग वाटत असे. पण उजव्या पायात थोडी हालचाल परतल्यावर फिजिओथेरपी करणाऱ्या डॉक्टरांनी तो पाय रिकिबीतून काढून पंजा जमिनीला टेकेल असा ठेवायला सांगितला. बंडू आता त्या पायाने अधूनमधून पाऊल टाकतो. डावा पाय पेव्हर ब्लॉकवर सोलवटतो, तो मात्र रिकिबीतच असतो. चाकांचा आस थोडा पुढे घेतल्यावर पुढच्या खांद्यांवरचा भार कमी झाला आणि पाठ सरळ दिसू लागली. पहिल्या दिवशी तो गाडीत नुसता उभा राहिला होता; आज फाटक उघडताच, बिस्किट देणाऱ्या रखवालदारांच्या खुर्चीपाशी आमच्या आधी पोहोचतो. ते पाहताना साडेनऊ हजारांचे मला काही वाटत नाही.

गाडीत कुत्र्याला बसता किंवा आडवे होता येत नाही, त्यामुळे सुरुवात दहा मिनिटांपासून करावी आणि त्याला गाडीत एकटे सोडू नये. गवसणी शिवून घेणार असाल, तर घेर मूळ अस्तरावरून मोजा आणि शिवण व वेल्क्रो दोन्ही बाहेरच्या अंगाला घ्यायला सांगा. आमच्या पहिल्या जोडाची शिवण आत आली होती आणि ती जांघेला घासत होती, म्हणून तो जोड उलटवून पुन्हा शिवावा लागला.