सांगलीतील रिफर्बिश्ड लॅपटॉपचे दुकान: पैसे नेमके कशाचे द्यावेत

विश्रामबाग भागात, वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयापासून जवळच, मोठ्या कंपन्यांनी वापरून काढलेले लॅपटॉप तपासून, दुरुस्त करून विकणारे एक छोटे दुकान आहे. पुतणीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाल्यावर तिच्यासाठी आम्ही तेथून लेनोवोचा थिंकपॅड टी४८० घेतला. १६ जीबी रॅम (काम चालू असताना लागणारी मेमरी) आणि ५१२ जीबी एसएसडी (फाइली साठवणारी ड्राइव्ह) असलेले हे २०१८ चे मॉडेल २० ते २२ हजारांच्या दरम्यान मिळाले, आणि या किमतीत ते घेण्याजोगे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुकानदारांनी व्यवहाराचे बोलण्याआधी स्क्रू सैल करून लॅपटॉपचे मागचे झाकण काढले आणि रॅमचे दोन्ही स्लॉट दाखवले. एकात १६ जीबीची पट्टी होती, दुसरा रिकामा होता. अनेक नव्या पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. ती पुढे वाढवता येत नाही आणि बिघडली तर बोर्डाचाच खर्च अंगावर येतो. २०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरीचे भाव भडकले आहेत, कारण जगातील बहुतेक डीरॅम, म्हणजे रॅमसाठी लागणाऱ्या चिप, बनवणाऱ्या सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांनी आपले बरेचसे उत्पादन एआय डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीकडे वळवले आहे. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रूशियल’ या नावाने चालणारा किरकोळ ग्राहकांचा व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली. अशा काळात रिकामा स्लॉट आणि आधीच बसवलेली १६ जीबी रॅम यांचे मोल कागदावरच्या प्रोसेसरच्या नावापेक्षा मला अधिक वाटते.

दुकानदारांचा प्रामाणिकपणा मला दिसला तो दुसऱ्याच एका लॅपटॉपवरून. शेजारीच सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा, दिसायला जवळपास तसाच आणि काही हजारांनी स्वस्त असा एक लॅपटॉप मांडलेला होता. विंडोज ११ साठी इंटेलची साधारणपणे आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे “विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम वापरणार असाल तरच हा घ्या, नाहीतर आठव्या पिढीच्या खाली जाऊ नका,” असे त्यांनी स्वतःहून सांगितले. गिऱ्हाईक हे विचारत नाही, म्हणून बरेच विक्रेते सांगतही नाहीत.

उणिवा आहेत. स्क्रीन फुल एचडी असली तरी खिडकीच्या उजेडात फिकी दिसते. याच मॉडेलमध्ये १३६६ बाय ७६८ ची स्क्रीनही येते, ती मात्र घेऊच नये. चार्जर मूळ कंपनीचा नाही. सहा महिन्यांची वॉरंटी आहे, पण तीत बॅटरी येत नाही, आणि जुन्या लॅपटॉपमध्ये सर्वांत आधी झिजते ती बॅटरीच, त्यामुळे ही अट मला खटकली. टी४८० मध्ये एक बॅटरी आत आणि एक मागच्या बाजूने काढता येणारी अशा दोन असतात. विंडोजमधूनच निघणारा बॅटरी रिपोर्ट दुकानातच काढून घ्यावा, त्यात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्जची क्षमता शेजारी ठेवून पाहावी, आणि मागची बॅटरी निम्म्यावर आली असेल तर नवीन बॅटरीची किंमत धरूनच भाव ठरवावा. बिलावर सीरियल नंबर मागून लिहून घ्यावा. आम्हाला तो तक्रार न करता लिहून मिळाला.