फुकटात घरपोच साप्ताहिक ऑडिट पॅरा

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मुलांकडे राहायला आलेल्या, इंग्रजी वाचता येणाऱ्या आणि नातवंडांची शाळेची बस येईपर्यंत हातात वेळच वेळ असलेल्या मराठी आईबापांसाठी हे लिहितोय. सिनेटर चक ग्रॅसली यांच्या कार्यालयाच्या ईमेल सुरू करून घ्या. पैसे पडत नाहीत. म्हणजे करदात्याचे पडतात, तुमचे वेगळे पडत नाहीत. पाचपैकी साडेतीन तारे देतो. दीड का कापला, ते पुढे येईल.

आधी परीक्षकाची पात्रता. उभी नोकरी नागपूरच्या महालेखापाल कार्यालयात काढली. व्हाउचर तपासणं, हाफ मार्जिन (आक्षेपाचा पहिला कागद) आणि त्यावरून पॅरा (अहवालातला आक्षेप) काढणं, खात्याचं उत्तर आलं की ते उत्तर आहे की टोलवाटोलवी हे ठरवणं, यात केस पिकले. आता मुलीकडे, आयोवाची राजधानी डे मॉइनच्या उपनगरात असतो. ग्रीन कार्ड आहे, मत नाही, त्यामुळे रिपब्लिकन की डेमोक्रॅट ही भानगड माझ्यामागे नाही. ग्रॅसली पक्के रिपब्लिकन, सनातनी वळणाचे, मूळचे शेतकरी. १९८१ च्या जानेवारीपासून सिनेटमध्ये आहेत आणि दरवर्षी आयोवाच्या ९९ च्या ९९ काउंट्या, म्हणजे जिल्हे, फिरतात. वय नव्वदीपार. आमच्याकडे या वयाच्या पुढाऱ्याला व्यासपीठावर शाल मिळते. इकडे हे गृहस्थ सिनेटच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष आहेत.

ईमेलमध्ये येतं काय? एक साप्ताहिक प्रश्नोत्तराचं सदर, समितीतली निवेदनं, आयोवाच्या शेतीपाण्याचं काहीबाही, आणि कुठल्या ना कुठल्या सरकारी खात्याला धाडलेलं पत्र. सदर साखरपाकातलं असतं, मी वरवर चाळतो. पत्रं मात्र चहा बाजूला ठेवून वाचण्यासारखी. बातमीखाली मूळ पत्राचा दुवा असतो, तो उघडायचा. वर अधिकाऱ्याचं नाव, मध्ये क्रमांक टाकून प्रश्न, खाली उत्तराची तारीख. कुठलं कंत्राट, कोणी मंजूर केलं, कागद दाखवा. भाषण नाही, टाळ्या नाहीत. ऑडिटवाल्याला याहून दुसरं काय पाहिजे, राजेहो!

नमुन्याला जुनं एक प्रकरण घ्या, कॉफीच्या कपाचं. अमेरिकन हवाई दलाच्या मालवाहू आणि इंधनवाहू विमानांत, विमानाच्या विजेवर पाणी-कॉफी गरम करणारे धातूचे कप असत. कप खाली पडला की त्याचा प्लास्टिकचा कान तुटे. सुटा कान विकतच मिळत नसे, म्हणून अख्खा कप नवा घ्यायचा. किंमत २०१६ मध्ये ६९३ डॉलर, २०१८ मध्ये १,२८० डॉलर. कॅलिफोर्नियातल्या ट्रॅव्हिस तळावरच्या एका तुकडीने असे २५ कप बदलले, त्याचे झाले सुमारे ३२,००० डॉलर. मग त्याच तळावरच्या पोरांनी थ्रीडी प्रिंटरवर नवा कान काढला. खर्च ५० सेंट.

ऑक्टोबर २०१८ मध्ये ग्रॅसलींनी हवाई दलाच्या सचिव हेदर विल्सन यांना पत्र लिहिलं. उत्तरात सगळ्या हवाई दलाचा आकडा बाहेर आला: २०१६ पासून ३९१ कप, ३,२६,७८५ डॉलर. खरेदीही थांबली. मी लगेच भागाकार केला, सवय जात नाही. सरासरी कपामागे साधारण ८३६ डॉलर पडतात.

यावर मुलीच्या घरी आलेला एक पाहुणा म्हणाला, "काका, ज्या देशाचं वर्षाचं बजेट पावणेसात लाख कोटी डॉलरचं, तिथे सव्वातीन लाखांच्या कपांवर सिनेटरने वेळ घालवायचा?" हा आक्षेप मी नोकरीभर ऐकला. खात्याचा अधिकारी चहा पाजून हेच म्हणायचा: साहेब, किती क्षुल्लक रकमेवर पॅरा काढताय. रक्कम क्षुल्लक असली तरी सही तीच असते. दोन वर्षांत भाव जवळजवळ दुप्पट झालेली वस्तू खरेदीच्या कागदांतून पुढे सरकत राहिली आणि एकाही टेबलावर कुणी विचारलं नाही की बाबा, कान वेगळा का मिळत नाही? कपाला जे टेबल विचारत नाही, ते इंजिनाच्या सुट्या भागाला विचारेल असं मानायला मी तयार नाही. शिवाय कपाची किंमत वाचकाला कळते. विमानाची कळत नाही.

पेंटागॉनशी या माणसाचं जुनंच वाकडं. १९८३ मध्ये चक स्पिनी नावाचा तिथलाच एक विश्लेषक संरक्षण खर्चाचे अंदाज कसे खोटे ठरतात हे सांगत होता. त्याला भेटू देईनात, तेव्हा हे स्वतः आपली शेव्हेट गाडी हाकत पेंटागॉनच्या दारात गेले. तेव्हाही भेट झाली नाही. पण पुढे सुनावणी झाली आणि स्पिनी बोलला. रेगन यांच्या काळात, रिपब्लिकन सिनेटरने, शीतयुद्ध चालू असताना हे केलं, हे लक्षात घ्या.

पण खरं मोठं काम म्हणजे 'फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्ट' या, सरकारकडे खोटे दावे करणाऱ्यांविरुद्धच्या कायद्याची १९८६ ची दुरुस्ती. मूळ कायदा लिंकनच्या काळातला, १८६३ चा. यादवी युद्धात ठेकेदार सैन्याला आजारी जनावरं आणि निकृष्ट माल विकत, त्यांना चाप लावायला केलेला. पुढे १९४३ मध्ये त्याचे दात काढले गेले. ग्रॅसली आणि डेमोक्रॅट खासदार हॉवर्ड बर्मन यांनी ते परत बसवले. सरकारला फसवणाऱ्यावर आतला माणूस सरकारच्या वतीने दावा लावू शकतो. नुकसानीच्या तिप्पट वसुली होते, आणि त्यातला साधारण १५ ते ३० टक्के वाटा त्या व्हिसलब्लोअरला मिळतो. १९८६ पासून या कायद्याखाली ७५ अब्ज डॉलरच्या वर वसुली झाली आहे. ग्रॅसली नेहमी म्हणतात की व्हिसलब्लोअरला पिकनिकमध्ये घुसलेल्या स्कंकसारखं वागवतात. स्कंक म्हणजे घाण वास फवारणारं जनावर, ते मला इथे परसात एकदा कळलं, तेव्हापासून ते वाक्य जास्तच पटतं.

आपल्याकडे काय? २०१४ मध्ये संसदेने व्हिसलब्लोअर संरक्षण कायदा केला, राष्ट्रपतींची सहीही झाली, पण तो अंमलात आणायची अधिसूचना काही निघाली नाही. माहिती अधिकारातून जमिनींचे व्यवहार उकरणाऱ्या सतीश शेट्टींची २०१० मध्ये तळेगाव दाभाड्यात भर सकाळी हत्या झाली. आयोवातल्या गुबगुबीत सोफ्यावर बसून ती पत्रं वाचताना मला हे आठवतं, आणि मग त्या पत्रांची जरा असूयाच वाटते.

या पत्रांमागून जाता जाता मला आणखी एक खेळणं सापडलं. ग्रॅसली आणि विस्कॉन्सिनचे डेमोक्रॅट हर्ब कोल यांच्या प्रयत्नाने २०१० मध्ये एक तरतूद आली: औषध आणि उपकरण कंपन्यांनी डॉक्टरांना काय दिलं ते जाहीर करायचं. 'ओपन पेमेंट्स' या सरकारी संकेतस्थळावर डॉक्टरचं नाव टाका, सगळं समोर. माझी मुलगी डॉक्टर आहे. तिचं नाव टाकलं तर एका औषध कंपनीच्या नावापुढे दुपारच्या जेवणाचे पंधरा-सोळा डॉलर. रात्री जेवताना विचारलं.

"बाबा, ते सँडविच होतं. सगळ्या दवाखान्याला आणलं होतं."

"मग पावती सगळ्यांच्या नावावर विभागली का?"

"आई, यांना भाजी वाढ."

आता कापलेला दीड तारा.

पहिला अर्धा, कारण कंत्राटातली चोरी, खोटी बिलं, खात्याची लपवाछपवी यांवर ही पत्रं तुटून पडतात, पण खर्च आणि कर किती असावेत या मूळ प्रश्नावर आवाज बसतो. गळणारा वॉशर शोधणारा प्लंबर टाकी कोण किती भरतो हे विचारत नाही, तसं. जुलै २०२५ मध्ये सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ५० मतांनी जे मोठं कर आणि खर्चाचं विधेयक गेलं, त्याने दहा वर्षांत तूट ३.४ लाख कोटी डॉलरने वाढेल, असा संसदेच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे. ग्रॅसलींचं मत बाजूने होतं. इथेनॉल हा तर आयोवाचा कुळाचार, तिथे काटकसरीची भाषा निघणं कठीण. एक गोष्ट मात्र त्यांच्या खात्यावर जमा धरतो: श्रीमंत शेतकऱ्यांच्या अनुदानावर कडक मर्यादा हवी हे ते स्वतः शेतकरी असून वर्षानुवर्षं म्हणत आले आहेत, आणि त्यावर टाळ्या मिळत नाहीत.

उरलेला एक तारा महानिरीक्षकांच्या प्रकरणात गेला. १९७८ च्या कायद्याने प्रत्येक मोठ्या खात्यात एक महानिरीक्षक असतो, म्हणजे आतलाच पण स्वतंत्र ऑडिटवाला. त्याला काढायचं तर राष्ट्राध्यक्षाने संसदेला ३० दिवस आधी कळवायचं आणि, २०२२ च्या दुरुस्तीनंतर, त्या त्या माणसापुरती सविस्तर कारणंही द्यायची. यात ग्रॅसलींचा मोठा हात. २०२० मध्ये ट्रम्प यांनी काही निरीक्षक काढले तेव्हा कारणं मिळेपर्यंत ग्रॅसलींनी सरकारी नेमणुका अडवून धरल्या. स्वतःच्या पक्षाचा राष्ट्राध्यक्ष असताना! जानेवारी २०२५ मध्ये एका रात्रीत सतराएक निरीक्षक गेले, ३० दिवसांची सूचना नाही. ग्रॅसलींनी डेमोक्रॅट डिक डर्बिन यांच्यासह कारणं मागणारं पत्र धाडलं. ऑगस्ट २०२५ मध्ये अर्थखात्याच्या तीन नेमणुका पुन्हा अडवल्या, पण त्या पवन आणि सौर ऊर्जेच्या करसवलतीच्या नियमांसाठी. आयोवात पवनचक्क्या भरपूर आहेत. मी तीन तारखा वहीत एकाखाली एक लिहिल्या आणि समोर शेरा मारला: 'हत्यार उपलब्ध होते.'

आपल्या लोकलेखा समितीचं अध्यक्षपद विरोधकांकडे द्यायचा संकेत दिल्लीत १९६७ पासून चालत आलाय, त्याची किंमत मला इथे येऊन कळली. अमेरिकेत समितीचा अध्यक्ष बहुमतवाल्यांचाच. व्हाइट हाउसही त्यांचंच असलं तर चौकशीची धार त्या एका माणसाच्या स्वभावावर राहते. ग्रॅसलींचा स्वभाव बरा आहे, बहुतेकांहून बराच बरा. पण स्वभावाचं ऑडिट होत नाही. आमच्याकडे अर्थात दुसरं दुखणं: कॅगचा अहवाल अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतो आणि चर्चेला सभागृहात माणूस नसतो.

वापराबद्दल दोन शब्द. ईमेलवर विसंबून राहू नका, सोबत गाओचे अहवाल वाचा. गाओ म्हणजे इथलं कॅग समजा, फक्त संसदेच्या अखत्यारीतलं. त्यांच्या २०२४ च्या अंदाजानुसार संघ सरकार फसवणुकीत दरवर्षी २३३ ते ५२१ अब्ज डॉलर घालवतं. एवढा रुंद अंदाज आमच्या साहेबांनी परत पाठवला असता. तरी तो वाचला की सिनेटरचं पत्र कुठल्या डोंगराचा खडा आहे ते कळतं. एखादं कंत्राट खरंच कोणाला गेलं ते 'यूएसए स्पेंडिंग' या संकेतस्थळावर सापडतं, तिथे एक दुपार आरामात जाते. ग्रॅसलींचं एक्सवरचं (पूर्वीचं ट्विटर) खातंही बघा. ते स्वतः लिहितात, आणि स्पेलिंगची दैना पाहून माझ्या पहिलीतल्या नातवाला धीर येतो.

सिनेटरच्या कार्यालयाची दुसरी सेवा, म्हणजे व्हिसा, पासपोर्ट, पेन्शन अडलं तर खात्याकडे विचारणा करून देणं, हीदेखील मोफत असते. त्यासाठी पत्ता आणि सही केलेलं संमतीपत्र द्यावं लागतं, कारण त्याशिवाय खातं तुमची माहिती सिनेटरलाही देत नाही. तुमच्या राज्याच्या सिनेटरकडेच अर्ज करायचा. शिकागोवाल्यांनी आयोवाला लिहून उपयोग नाही.

मी स्वतः पेंटागॉनच्या बातमीसाठी थांबलोय. तिथलं पहिलं पूर्ण ऑडिट २०१८ मध्ये झालं आणि तेव्हापासून एकाही वर्षी अख्खं खातं पास झालेलं नाही. सैन्यदलांपैकी एकट्या मरीन कोअरने स्वच्छ प्रमाणपत्र मिळवून दाखवलं. ऑडिटला मुदत आणि दंड लावा म्हणून ग्रॅसली आणि डाव्या टोकाचे बर्नी सँडर्स एकत्र विधेयक आणतात, यावरून दुखणं किती जुनं आहे ते ओळखा. कायद्याने पेंटागॉनला दिलेली तारीख ३१ डिसेंबर २०२८. ग्रॅसलींची चालू मुदत संपते ३ जानेवारी २०२९ ला.