मातीतील प्रतिजैविकांचा प्रयोगसंच : साहित्य उत्तम, पुस्तिका उतावळी

विज्ञान मंडळातील विद्यार्थ्यांसाठी मागवलेला हा संच चिमूटभर मातीतून प्रतिजैविके बनवणारे जिवाणू वेगळे करून दाखवण्याची हमी देतो आणि, पुस्तिकेकडे थोडे दुर्लक्ष केले तर, ती पाळतोही. निर्जंतुक पाण्याच्या नळ्या, ड्रॉपर आणि पेट्री डिश व्यवस्थित बंदिस्त होत्या. डिशमध्ये नेहमीच्या पोषक अगारऐवजी (अगार म्हणजे जिवाणू वाढवण्याचे जेलीसारखे माध्यम) स्टार्च-केसीन अगार भरले आहे, ही निवड जाणकाराची आहे. कारण त्यावर स्ट्रेप्टोमायसिस हे प्रतिजैविके बनवणारे मातीतले जिवाणू चांगले वाढतात आणि एरवी सगळी डिश व्यापणाऱ्या जिवाणूंना तुलनेने कमी वाव मिळतो.

पुस्तिका मात्र तिसऱ्याच दिवशी निरीक्षण संपवायला सांगते. स्ट्रेप्टोमायसिस मुळात संथ वाढतात. २८ अंश सेल्सिअस तापमानाला त्यांच्या वसाहती, म्हणजे डोळ्यांना दिसणारे पुंजके, ठळक होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात. आमच्या डिशवर तिसऱ्या दिवशी ओलसर, पसरट वसाहतीच दिसत होत्या. डिश तशाच ठेवल्यावर त्यांच्यामधून करड्या-पांढऱ्या, कोरड्या, खडूची भुकटी शिंपडल्यासारख्या वसाहती वर आल्या, आणि मुले भिंग सोडायला तयार होईनात. पावसाने भिजलेल्या मातीचा गंध देणारे जिओस्मिन मुख्यतः हेच जिवाणू बनवतात.

चाचणीसाठी दिलेल्या निरुपद्रवी बॅसिलस सबटिलिसच्या थरात एका वसाहतीभोवती स्वच्छ, म्हणजे बॅसिलस न वाढलेले, वर्तुळ उमटले. त्याला पुस्तिका ‘नवे औषध’ म्हणते, हे मला गंभीर वाटते. मातीतील सूक्ष्मजीवांचे अभ्यासक सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत १९४० साली मिळालेले ॲक्टिनोमायसिन जिवाणूंना मारत होते, पण संसर्गावरील औषध म्हणून वापरण्याच्या दृष्टीने ते फार विषारी ठरले; १९४३ साली अल्बर्ट शाट्झ यांनी तिथेच शोधलेले स्ट्रेप्टोमायसिन मात्र क्षयरोगावर उपयोगी पडले. वर्तुळ कोणत्या रेणूमुळे उमटले, तो आधीच ज्ञात आहे का आणि मानवी पेशींना तो सोसवेल का, हे प्रश्न त्यानंतर सुरू होतात. शिवाय मातीतील बहुसंख्य जिवाणू अशा डिशवर वाढतच नाहीत. २०१५ साली जाहीर झालेल्या टेक्सोबॅक्टिन या प्रतिजैविकाचा जिवाणू मिळवण्यासाठी संशोधकांना आयचिप नावाचे उपकरण मातीतच ठेवून तो वाढवावा लागला. एवढा मजकूर पुस्तिकेच्या एका पानात सहज मावला असता.

वापरलेल्या डिशची विल्हेवाट कशी लावावी, याबद्दल एक ओळही नाही. मातीतून काय वाढेल याचा नेम नसल्याने झाकणे चिकटपट्टीने बंद ठेवावीत आणि शेवटी डिश ऑटोक्लेव्ह कराव्यात, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक कराव्यात. ही सोय आणि जाणकार शिक्षक असतील, तर संच अवश्य घ्यावा. घरी मुलांच्या हाती देण्यासाठी मी तो सुचवणार नाही.