एनव्हीडीए स्क्रीन रीडर: नागपूरच्या प्रशिक्षण वर्गातील अनुभव

दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी नागपुरात सांभाळताना, कोणता स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा कार्यक्रम, घ्यावा हा प्रश्न माझ्यापुढे तांत्रिक कमी आणि अंदाजपत्रकाचा अधिक राहिला आहे. जॉज हा विकत मिळणारा स्क्रीन रीडर उत्तमच आहे, पण त्याचे परवाने महाग पडतात आणि ते संस्थेच्या संगणकांवरच राहतात; वर्ग संपवून गोंदिया किंवा गडचिरोलीला परतणाऱ्या मुलाच्या हाती काही उरत नाही. मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये विकसित करायला घेतलेला एनव्हीडीए विनामूल्य व मुक्तस्रोत आहे, त्यामुळे हाच कार्यक्रम विद्यार्थी घरच्या विंडोज संगणकावर घालू शकतो किंवा पेनड्राइव्हवर सोबत नेऊ शकतो.

वापराच्या बाबतीत तो खरा उतरतो. संकेतस्थळावर ‘एच’ दाबत शीर्षकांवरून पुढे सरकता येते आणि इन्सर्ट व एफ ७ एकत्र दाबल्यास पानावरील सर्व दुव्यांची यादी समोर येते. आमच्या वर्गातील एक विद्यार्थिनी त्या यादीत ‘नि’ टंकून थेट ‘निकाल’ गाठते, तेव्हा शेजारी बसलेला डोळस स्वयंसेवक अजून माउसने पान खाली सरकवत असतो. कंट्रोलची कळ दाबताच वाचन थांबते, हे मात्र पहिल्याच तासाला शिकवावे, नाहीतर नवखा विद्यार्थी त्या अखंड बडबडीने गांगरून जातो.

सोबत मिळणाऱ्या ईस्पीक आवाजात मराठी आहे, परंतु तो फारच यांत्रिक आहे. कान बसेपर्यंत वेग कमी ठेवावा लागतो आणि मे महिन्यात वर्गातला कूलर सुरू असला की हेडफोनशिवाय एक अक्षर कळत नाही. त्याहून मोठी अडचण सॉफ्टवेअरची नाहीच. युनिकोड या सर्वमान्य अक्षरसंकेताऐवजी जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली परिपत्रके त्याला निरर्थक अक्षरांसारखी वाचावी लागतात, आणि कागद स्कॅन करून चढवलेल्या पीडीएफमध्ये त्याला मजकूरच सापडत नाही. एका कार्यालयाने दिव्यांगांच्याच योजनेची माहिती अशा स्वरूपात पाठवली होती. ती अखेर आम्हाला मोठ्याने वाचून दाखवावी लागली.

ब्रेल डिस्प्ले, म्हणजे मजकूर उठावाच्या ठिपक्यांत दाखवणारे उपकरण, जोडल्यास हाच मजकूर बोटांनीही वाचता येतो, आणि शुद्धलेखन पक्के व्हायचे असेल तर नुसत्या ऐकण्यावर विसंबू नये असे माझे मत आहे. मात्र ते उपकरण अजूनही बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्यामुळे नवा वर्ग काढणाऱ्या संस्थांनी परवान्यांचे वाचलेले पैसे आधी आणखी एका प्रशिक्षकाच्या मानधनावर खर्च करावेत. तो स्वतः दृष्टिहीन असल्यास उत्तम, कारण डोळस शिक्षकाचा हात नकळत माउसकडे जातो आणि तो ‘इथे क्लिक कर’ असे सांगून मोकळा होतो.